लिटरमागे पन्नास ग्रॅम

मुलीच्या लग्नात वऱ्हाडी मंडळींना घरची शँपेन पाजायची असं बुर्दलेसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांना कोणीही अडवलं नाही. पुढे जे रामायण झालं त्यातली ही पहिली चूक, आणि ती निदान त्यांची नव्हती.

आता फ्रान्समधल्या शँपेनच्या मुलखातलं मोंब्रेल हे गाव, तिथे मुलीचं लग्न म्हटलं की पहिली बाटली मुलीच्या बापाने उघडायची, आणि ती त्याच्या स्वतःच्या मळ्यातली असायची, हे ठरलेलं. ज्याला मळा नाही तो गपचूप शेजाऱ्याकडून आणतो आणि गावही गपचूप ते ओळखतं. बुर्दलेसाहेब ग्रामपंचायतीचे चिटणीस. जन्ममृत्यूचे दाखले देणं, भटक्या कुत्र्यांबद्दल पत्रव्यवहार करणं, ‘फटाके उडवण्यास सक्त मनाई आहे’ अशा पाट्या रंगवून घेणं ही त्यांची कामं. त्यांच्या सहीशिवाय गावात कोणाला धड मरता येत नसे. पण साहेब मूळचे उत्तरेकडचे, बियर पिणाऱ्या मुलखातले. लग्न करून इथे आले, इथेच केस पिकले, तरी गावात त्यांचं नाव ‘बियरवाला’ ते बियरवालाच. तोंडावर ‘साहेब’, पाठ फिरली की ‘बियरवाला’.

त्यात व्याही मिळाले ते कोण, तर फुल्बेर रेमियो! उतारावरचे सगळ्यांत नामी मळे त्यांचे, गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुखही तेच. माणूस दरवाजाएवढा रुंद आणि बोलणं मोजकं. अशा माणसासमोर उभं राहून विकतची बाटली उघडायची या कल्पनेनेच साहेब रात्री उठून बसत. सोलांज त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या सासरी जन्मभर ‘बियरवाल्याची पोर’ म्हणून घेतील, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

साहेबांच्या बायकोच्या, ओदीलबाईंच्या, मामांनी मागे ठेवलेल्या चार ओळी वेली होत्या. त्यांची द्राक्षं दरवर्षी विकली जात, ती यंदा राखली. पहिली आंबवणी सहकारी कारखान्यात झाली आणि बिनफेसाची, दात शिवशिवणारी पांढरी वाईन पिंपात भरून घरी आली. इथपर्यंत सगळं झकास होतं, कारण इथपर्यंत साहेबांनी कशाला हात लावला नव्हता.

फेस धरायचा तो बाटलीत. वाईनमध्ये बेताची साखर आणि यीस्ट घालायचं, बाटल्या भरायच्या, वर पत्र्याचं झाकण ठोकायचं आणि तळघरात आडव्या निजवायच्या. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो मुकाट्याने वाईनमध्ये मुरतो. मग कित्येक महिन्यांनी बाटली उलटी करून गाळ तोंडाशी आणायचा, तो उडवून टाकायचा, आणि शेवटचं बूच मारण्याआधी चवीपुरती पुन्हा साखर घालायची. म्हणजे साखर दोनदा. एकदा फेसासाठी, एकदा जिभेसाठी. मोंब्रेलमधलं शेंबडं पोरही हे जाणतं, आणि म्हणूनच ते कोणी बोलून दाखवत नाही.

शेजारचे लेओंस रेल्वेतून निवृत्त झालेले. गाड्यांना सिग्नल देण्यात जन्म गेल्यामुळे आता ते माणसांना देत. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून ते म्हणाले, “अहो बुर्दले, वाईन कुणासाठी करताय ते आधी ठरवा.”

“पाहुण्यांसाठी.”

“पाहुण्यांचं सोडा हो! फुल्बेरची आई, एर्नेस्तीनबाई. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही. तिला गोडच वाईन लागते. हल्लीची वाईन म्हणजे निव्वळ व्हिनेगर, असं म्हणते ती.”

“गोड म्हणजे किती गोड?”

“घाला लिटरमागे पन्नास ग्रॅम साखर. डोळे मिटून घाला. म्हातारी भर मंडपात तुमचा मुका घेईल.”

साहेबांना मुक्याची हौस नव्हती, पण आकडा मिळाल्याचा आनंद झाला. कारण या गोडपणाने त्यांचं डोकं आधीच उठलं होतं. अभ्यास म्हणून ते दुकानात जाऊन लेबलं वाचून आले होते. ‘सेक’ म्हणजे कोरडी, पण ‘सेक’ लिहिलेली बाटली चांगली गोड निघाली. ‘अर्धी सेक’ तर सरबत. आणि सगळ्यांत कोरड्या बाटलीवर ‘कोरडी’ हा शब्दच नाही, नुसतं ‘ब्रूट’, म्हणजे राकट! सरकारी कामात असं कोणी लिहिलं असतं तर साहेबांनी कागद परत पाठवला असता. त्यापेक्षा पन्नास ग्रॅम हे कसं स्वच्छ. घरात जुन्या रिकाम्या बाटल्या मुबलक होत्या, त्या धुतल्या, साखर मोजली, विरघळवली, भरली, ठोकली. तळघरात बाटल्या आडव्या रचून, मधेमधे लाकडी पट्ट्या घालून, छातीपर्यंत उंच ढीग उभा राहिला तेव्हा साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी ढिगाला सलाम ठोकला असंही ओदीलबाई सांगतात, पण साहेब ते कबूल करत नाहीत.

वसंत सरत आला तेव्हा एकदा लेओंसनी भिंतीपलीकडून सहज विचारलं, “काय, फेस धरतोय का?”

“धरणारच! तुम्ही सांगितलं तसे पन्नास ग्रॅम घातलेत.”

लेओंसच्या तोंडातली सिगारेट जागच्या जागी थांबली. “घातलेत? अहो, ते शेवटी घालायचे. बूच मारताना. गाळ काढल्यावर!”

“तुम्ही शेवटी म्हणाला नव्हता.”

“म्हणायचं काय त्यात? जेवण झाल्यावर हात धुवा असं सांगतो का कोणी? बुर्दले, खरं सांगा. भरतानाच पन्नास घातले?”

“भरतानाच.”

लेओंसनी सिगारेट विझवली. नुसती विझवली नाही, चपलेखाली चांगली रगडली. “चोवीस घालतात हो भरताना. चोवीसला बाटलीत ट्रकच्या चाकातल्याइतका दाब होतो. तुमच्या पन्नासला त्याच्या दुप्पट. आणि बाटल्या नव्या ना?”

“धुतलेल्या.”

“अरे देवा!” असं म्हणून लेओंसनी बागेतलं आपलं बाकडं उचललं आणि पार पलीकडच्या टोकाला, कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन ठेवलं. तिथून ते ओरडून बोलू लागले, त्यामुळे साहेबांना हातानेच ‘हळू, हळू’ करावं लागलं. सल्ल्याचा सारांश असा की बाटल्यांना हात लावू नका, ऊब लागू देऊ नका, आणि लक्षात ठेवा, बाटली एकटी कधीच जात नाही, शेजारणींना घेऊन जाते. उपाय एकच, बर्फात गार करून एकेकीचं झाकण अलगद सैल करायचं, तेही तोंडावर लोखंडी मुखवटा चढवून.

“मुखवटा कुठे मिळेल?”

“फुल्बेरकडे आहे की! त्याची माणसंही येतील. दोन हाका मारा.”

“खबरदार!” साहेब कुजबुजत ओरडले. “फुल्बेरच्या कानावर यातलं अक्षर गेलं तर बघा!”

तेव्हापासून साहेबांचं आयुष्य तळघराच्या वर आलं. म्हणजे ते आधीही वरच होतं, पण आपण तळघराच्या वर राहतो हे त्यांना आता क्षणोक्षणी जाणवू लागलं. जेवणाची खोली बरोबर ढिगाच्या डोक्यावर. साहेबांनी मेज भिंतीला सरकवलं, मग तेही पुरेना म्हणून सगळ्यांना स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले बंद केले. ओदीलबाईंना शिंक आली की ते त्यांना दंडाला धरून अंगणात नेत.

“अहो, झालंय काय तुम्हाला?”

“वाईन निजलीय. तिची झोप मोडता कामा नये.”

“मी बटाटे आणायला खाली जाते, ओपेरा गायला नाही!”

“बटाटे दुकानातून आण.”

बाईंचे बटाटे खाली, कांदे खाली, मुरांब्याच्या बरण्या खाली. त्या बोलल्या नाहीत, पण बटाटे सोलताना सुरी जरा जोरात चालू लागली.

पहिली बाटली फुटली ती साहेब घरात एकटेच दाढी करत असताना. ‘फट्ट’ असा पोटातून आल्यासारखा आवाज झाला, पाठोपाठ काचा सांडल्या, आणि साहेब न्हाणीघरात पालथे पडले. गालावर वस्तऱ्याची लांब रेघ उमटली. कचेरीत त्यांनी सांगितलं की मांजराने ओरबाडलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा खाली उतरायचं धाडस केलं. अंगाला गादी गुंडाळून कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधली, डोक्यावर भाजी धुवायची चाळणी घातली, हातात कढईचं झाकण घेतलं. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचले. गोडसर, आंबूस वास आला. तेवढ्यात अंधारातून कुठेतरी काच ‘टिक्’ अशी वाजली, नुसती टिक्, आणि साहेबांचे पाय जे जागीच रोवले ते काही केल्या पुढे जाईनात. ते उलटे, पाठीकडून, गादीसकट वर आले. घामाने गादी भिजली होती. खरी भीती कशी असते ते माणसाला वयाच्या साठीपर्यंत कळत नाही, आणि मग एका पायरीवर कळतं.

शेवटी त्यांनी शहरातल्या मद्यखात्याला फोन लावला.

“माझ्या एका मित्राच्या तळघरात...” त्यांनी सुरुवात केली.

“मित्राचं उत्पादन नोंदलंय का?” पलीकडून आवाज आला.

“उत्पादन अजून फुटतंय.”

“फुटतंय म्हणजे घट. घट कळवायला आधी उत्पादन नोंदलेलं पाहिजे.”

“आणि घर पडलं तर?”

“ते आमच्याकडे येत नाही. घराच्या खात्याकडे विचारा. आणि घट होण्यापूर्वी कळवायची असते, झाल्यावर नाही. तुमच्या मित्राला सांगा, स्फोटाच्या आधी अर्ज करावा.”

साहेबांनी आयुष्यभर लोकांना याच सुरात उत्तरं दिली होती. त्यांनी फोन ठेवला.

त्यात उन्हाळा तापला. तळघराच्या झरोक्यातून दुपारचं ऊन आत शिरू लागलं. साहेबांनी झरोक्याला ओली गोणपाटं लावली, त्यांवर दिवसभर पाणी मारलं. लेओंस खुराड्यामागून रोज एकच प्रश्न विचारत, “आहे का घर?” आणि त्याच आठवड्यात ओदीलबाईंनी सांगितलं की रविवारी रेमियो मंडळी जेवायला येताहेत, लग्नाची बोलणी पक्की करायला.

“बागेत जेवू,” साहेब म्हणाले.

“या उन्हात? एर्नेस्तीनबाई भाजून निघतील.”

“स्वयंपाकघरात?”

“व्याह्यांना स्वयंपाकघरात जेवू घालू? तुमचं डोकं फिरलंय का? लोक काय म्हणतील!”

आणि बाईंनी मेज ओढून पुन्हा खोलीच्या मध्यावर आणलं. त्याच्या पायांचा फरशीवर जो करकराट झाला, तो साहेबांनी डोळे मिटून ऐकला.

रविवार उजाडला तो ओव्हनसारखा. फुल्बेर आले, त्यांचा मुलगा, होणारा नवरदेव लूसियँ आला, काळा झगा घातलेल्या एर्नेस्तीनबाई आल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी काठी जमिनीवर ठाण्णकन आपटली. साहेबांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. मांस वाढलं गेलं, सॉस वाढला गेला, फुल्बेर मान डोलावत खात होते. सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चालल्याचीच साहेबांना जास्त धास्ती वाटत होती.

फट्ट.

मेजावरचे काटेचमचे हलके थरथरले.

“काय झालं?” फुल्बेर म्हणाले.

“मांजर,” साहेब म्हणाले.

“तुमच्याकडे मांजर आहे?”

“नव्हतं. हल्लीच आलंय.”

फट्ट. फट्ट.

“मांजरं आहेत,” साहेब म्हणाले.

फुल्बेरनी हातातला काटा खाली ठेवला. एर्नेस्तीनबाईंनी मान तिरकी करून कान जमिनीकडे लावला. लूसियँ खुर्चीच्या टोकाशी सरकला. शँपेनच्या मुलखात जन्मलेल्या कोणालाही तो आवाज ओळखायला शिकावं लागत नाही. साहेबांनी ओठ घट्ट मिटले होते. बोलायचं म्हणजे फुल्बेरसमोर बोलायचं, आणि मग सगळं गेलं. आता थांबेल, आता थांबेल, एवढंच ते मनात घोकत होते.

“सोलांज कुठाय?” लूसियँने विचारलं.

“पाठवलंय तिला,” ओदीलबाई म्हणाल्या. “टार्टबरोबर घ्यायला मुरांबा आणायला. खाली तळघरात.”

साहेब कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. खुर्ची मागे पडली. “पन्नास ग्रॅम आहे खाली!” ते किंचाळले. “भरतानाच घातलेत! मी घातलेत! बाहेर पळा सगळे!” आणि गळ्यात रुमाल तसाच लटकत असताना ते जिन्याकडे धावले. गादी नाही, चाळणी नाही, झाकण नाही. तिसरी पायरी कधी मागे पडली याचा त्यांना पत्ताही लागला नाही.

खाली अंधार, फेस आणि काचा. ढिगाचा एक कोपरा ढासळला होता आणि वाईन फरशीवरून ओघळत होती. पलीकडच्या भिंतीशी, बरण्यांच्या फळीखाली, सोलांज छातीशी मुरांब्याची बरणी कवटाळून उभी होती. तिच्या आणि जिन्याच्या मधे अख्खा ढीग होता.

“बाबा, येऊ नका!” ती ओरडली. “तिथेच थांबा!”

साहेब थांबले नाहीत. ढिगाला वळसा घालून गेले, तिला कोपऱ्यात ढकललं, तिच्या डोक्यावर आपला कोट ओढला आणि बाटल्यांकडे पाठ करून तिच्यावर वाकले. मग ढीग फुटायला लागला. एकीने दुसरीला फोडलं, दुसरीने चौघींना. पाठीवर, मानेवर, पोटऱ्यांवर काचा बसत होत्या आणि साहेब प्रत्येक आवाजाला “झालं, झालं” म्हणत होते. ते तिला सांगत होते की स्वतःला, हे तिलाही कळलं नाही. ते लटलटा कापत होते. तिला वाटलं, भिंतच हलतेय.

शांत झालं तेव्हा मुखवटा घातलेली एक रुंद आकृती समोर उभी होती. फुल्बेर गल्लीतून धावत जाऊन मुखवटा घेऊन आले होते. त्यांनी आधी सोलांजला वर दिलं, मग साहेबांना अक्षरशः बगलेत धरून उचललं. “चालता येतंय,” साहेब म्हणाले. “मला नाही दिसत तसं,” फुल्बेर म्हणाले.

स्वयंपाकघरात साहेबांना पालथं घालून फुल्बेर चिमट्याने त्यांच्या पाठीतल्या काचा काढत बसले. एकेक काच बशीत टाकताना टण्ण आवाज होई आणि साहेब दचकत.

“मला का नाही सांगितलं?” फुल्बेर म्हणाले.

फुल्बेरनी आणखी एक काच बशीत टाकली.

“अग्निशमन दल माझ्याकडे. मुखवटा माझ्याकडे. बर्फ माझ्याकडे. घर दोन गल्ल्यांवर. का नाही सांगितलं?”

“तुम्ही व्याही,” साहेब उशीत तोंड खुपसून म्हणाले.

“मग? व्याह्यांच्या घरची आग विझवायची नसते?”

“मला लाज वाटली.” साहेबांनी उशी दोन्ही हातांनी धरली. “आणि खाली जायची भीती वाटत होती. रोज. रोज वाटायची. मी तिसऱ्या पायरीवरून परत यायचो.”

फुल्बेरनी पुढची काच काढली, उजेडात धरून पाहिली आणि बशीत ठेवली. “आज आला नाहीत,” ते म्हणाले. एवढंच. मग हाक मारून त्यांनी आपल्या माणसांना बर्फ आणायला सांगितलं, आणि उरलेल्या बाटल्यांची झाकणं पुढचे काही दिवस ते स्वतः सैल करत बसले. त्यांतली पिण्याजोगी एकही उरली नाही.

लग्न झालं. मंडप रेमियोंच्या अंगणात घातला होता आणि वाईन फुल्बेरची होती, हे लपवायचा कोणी प्रयत्न केला नाही. साहेब नव्या कोटात, पाठ अजून अवघडलेली, सोलांजच्या शेजारी ताठ बसले होते. भाषण संपायच्या आतच मागच्या रांगेतल्या कुणा उतावळ्याने बाटलीचं बूच उडवलं.

बूच छताला लागायच्या आत साहेब नवरीवर होते. खुर्ची उलटली, मेजाचं कापड ओढलं गेलं, पेले आडवे झाले, आणि मुलीची जाळीची ओढणी, फुलं, डोकं सगळं आपल्या कोटाखाली घेऊन साहेब मेजाखाली गेले.

मंडपात कोणी हसलं नाही. सगळे टाचा उंचावून बघत राहिले.

“बाबा,” खालून सोलांजचा दबलेला आवाज आला, “ही सासऱ्यांची बाटली आहे. ही फुटत नाही.”

“माहीत आहे मला,” साहेब म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांचे कान पुढच्या आवाजाकडे लागले होते.

फुल्बेरनी उभं राहून हात वर केला. मंडपभर ज्यांनी ज्यांनी बाटल्यांच्या बूच आवळणाऱ्या तारा सोडल्या होत्या त्यांनी बुचांवर अंगठे दाबले आणि तसेच उभे राहिले. बुर्दलेसाहेब मेजाखालून निघून, मुलीला उठवून, दोघांचे गुडघे झटकून “हं, आता चालू द्या,” म्हणेपर्यंत एकानेही अंगठा उचलला नाही.